पालकांच्या सांगण्यावरून

जून लागला की आमच्या घराची बेल जरा जास्तच वाजते. निवृत्त झाल्यापासून मी सक्करदऱ्याच्या या गल्लीत राहते आणि गल्लीनं मला एक काम लावून दिलं आहे. ज्याला शाळेचा फॉर्म कळत नाही तो माझ्याकडे येतो. कुणाला अधिवास प्रमाणपत्र कुठं मिळतं ते हवं असतं, कुणाच्या मुलाचं नाव टीसीवर एक आणि आधार कार्डावर दुसरंच असतं. मी चष्मा लावते, कुलरच्या वाऱ्यानं उडणाऱ्या कागदांवर वाटी पालथी घालते आणि शिक्षण खात्याचे सगळे नियम मीच बसून लिहिलेत अशा थाटात बोलायला लागते. हा थाट मास्तरकीतला आहे. नोकरी सुटली, तो काही सुटला नाही.

परवा समोरच्या घरातली पूनम आली. कडेवर तिची लेक, हातात फाइल. पहिलीत जायला डिसेंबरअखेर सहा वर्षं पूर्ण लागतात आणि पोरीचा जन्म जानेवारीच्या अकरा तारखेचा. शाळेनं परत पाठवलं होतं.

"अकराच दिवस तं आहेत, काकू," पूनम म्हणाली. "मागंपुढं नाही का होत काही? तुम्ही तं एवढी वर्षं शाळेत होत्या. तुम्हाले माहीत असन ना कसं करतात ते."

"नाही होत," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण पोरगी आईच्या खांद्यात तोंड लपवून एका डोळ्यानं माझ्याकडं बघायला लागली.

"रागावल्या का काकू?"

"नाही वं. एक वर्ष अजून खेळू दे तिला. काही बिघडत नाही."

पूनम गेली. मी चहा टाकला, तो उतू गेला, शेगडी पुसली आणि पुन्हा टाकला. रागावले होते हे खरंच. पण त्या बिचारीवर नव्हते.

आता एक बरं आहे. तारीख भरली की संगणकच नाही म्हणतो. त्याला पोरीचा चेहरा दिसत नाही, आईचं आर्जव ऐकू येत नाही आणि त्याचं स्वतःचं काही अडलेलं नसतं. आमच्या वेळी नाही म्हणायचं काम बाईंकडं होतं. हो म्हणायचंही बाईंकडंच होतं.

मी नोकरीला लागले ती नरखेड तालुक्यातल्या एका गावात. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आमच्या विदर्भात ऊन उतरत नाही म्हणून जून संपता संपता. पण शिक्षकांचा जून त्याआधीच सुरू होई. शाळा उघडायच्या आत घरोघर जाऊन पटावर नावं घ्यायची असत. डोक्याला ओढणी गुंडाळून, पिशवीत कांदा ठेवून मी आणि गुरुजी सकाळी सातलाच निघायचो. दहा वाजेपर्यंत रस्ता तव्यासारखा तापला की परत फिरायचं.

त्या दिवसांतल्या बागा मला अजून दिसतात. मृग बहार धरायचा असला की संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाडं मान टाकून उभी असायची, पानं वळलेली, बांधावर बंद पडलेले पंप आणि सगळीकडं एक कोरडा, कडवट वास. मला पहिल्या वर्षी वाटलं होतं की बागा मेल्या. मग पाऊस पडून पंधरा दिवस झाले आणि वर्गाच्या खिडकीतून असा काही फुलांचा वास आत आला की मी गणिताचा तास तिथेच थांबवला. मुलं हसायला लागली. त्यांना त्यात काही विशेष नव्हतं.

शाळेत लोखंडी पेटी होती आणि पेटीत दाखल-खारीज रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी कण्याचं, उघडलं की वाळवीच्या औषधाचा वास. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि जन्मतारीख लिहायची. तारीख आधी अंकात आणि मग अक्षरात, म्हणजे कुणाला मागाहून खाडाखोड करता येऊ नये. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आमचे मुख्याध्यापक कोल्हे गुरुजी टोपी मांडीवर काढून ठेवत आणि मला सांगत बसत.

"मायले विचारा लेकरू कवा झालं, तं म्हनन कापूस वेचाले होतो तवा. बापाले विचारा, तं म्हनन बैल घेतला त्या साली. याची तारीख कोन काढन, बाई? जून लिहा. जून बरोबर बसते."

असं बसवत बसवत त्या रजिस्टरात जवळजवळ सगळं गाव जूनमध्ये जन्माला आलेलं होतं. पानंच्या पानं एक जून, पाच जून, दहा जून. आज त्यातल्या कितीजणांना मोबाइलवर एकाच आठवड्यात वाढदिवसाचे केक आणि फुलं येत असतील आणि ते मुकाट्यानं धन्यवाद म्हणत असतील. मला तेव्हा या प्रकाराची गंमत वाटायची. सुट्टीत नागपूर-उमरेडला गेले की मी माहेरच्यांना, सासरच्यांना सांगून हसवायची. आमचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. बाबांना मागाचं सगळं कळे, पण त्यांचीही जन्मतारीख अशीच कुणा मास्तरानं बसवलेली होती. ते हसत नसत. "लिहिनाऱ्याचं काय जाते," एवढंच म्हणत.

आता पटाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शाळेत किती शिक्षक द्यायचे ते मुलांच्या संख्येवरून ठरतं. सप्टेंबरअखेर जेवढी नावं पटावर, त्या हिशेबानं शिक्षक. एक नाव जरी कमी भरलं तरी दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते आणि तो शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. मग त्याला जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं पाठवतात. नियम वाईट नाही. रिकाम्या वर्गात बसून पगार खाणारे मास्तर आणि साठ मुलांत एकटी घसा फोडणारी बाई, हे दोन्ही होऊ नये म्हणूनच तो केलेला आहे. पण आम्ही शिक्षक तो नियम वाचायचो तो मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

त्या वर्षी दोन घरं गाव सोडून गेली आणि पट तीननं कमी झाला. दोन मुलं आम्ही शेतावरच्या वस्तीतून आणली. एक कमी पडत होतं. आणि अतिरिक्त ठरणार होते मी, कारण गुरुजी मुख्याध्यापक.

इथं मला स्वतःची बाजू फार चांगली मांडता येते. इतकी वर्षं मनातल्या मनात तेच केलं. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, नवरा नागपूरला नोकरीत, शनिवारी एसटीनं यायचा. गुरुजींच्या घरच्या काकू दिवसभर तिला सांभाळायच्या. मला भिवापूरकडं पाठवतील असं ऐकू येत होतं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळं खरं आहे. पण नोकरी जाणार नव्हती हेही खरं आहे. फक्त गैरसोय होणार होती. चार जणींना होते तशी मलाही झाली असती आणि वर्षभरात घडी बसली असती.

भाऊराव संत्र्याच्या रोपवाटिकेत कामाला होता. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे त्याचं काम. पंचक्रोशीत त्याच्यासारखा डोळे बांधणारा दुसरा नव्हता. त्याची थोरली मुलगी दुसरीत होती आणि धाकटी रोशनी बहिणीमागे येऊन वर्गाच्या उंबऱ्यावर बसायची. नाक पुसत, फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे घेऊन. मी शिकवायला लागले की ओठ हलवायची.

मी दुपारी बाराला रोपवाटिकेत गेले. एरवी त्या उन्हात गेले नसते. भाऊराव पोत्यावर बसून भाकर खात होता. मला बघून उठला, हात धुतले आणि रोपं दाखवायला लागला, कारण बाई आल्या म्हणजे रोपं बघायला आल्या असंच त्याला वाटलं. हे वाफे मागल्या दिवाळीचे, ते तिकडचे त्याच्या पुढल्या महिन्यातले, त्या कोपऱ्यातले मालकाच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बांधलेले. हजारो रोपं होती. त्याला एकेकाचं वय पाठ होतं.

"भाऊराव, रोशनीला यंदा पहिलीत घालता का?" मी विचारलं.

"यंदा? लहान हाये ना बाई ते. संक्रांतीले झाली. चार पुरे झाले आत्ता, पाचवं लागलं."

तेव्हा पहिलीसाठी पाच पूर्ण लागायचे. मी म्हणाले, "रोज तर येते शाळेत."

"येऊन बसते. बसाले काय लागते."

"नाव घातलं तर पाटी मिळेल, पुस्तक मिळेल. हुशार आहे पोरगी."

ते ऐकून त्याचा चेहरा खुलला. मुलीला हुशार म्हटलं की कुठल्याही बापाचा खुलतो, हे मला माहीत होतं, म्हणूनच म्हटलं होतं. "पन चार चालते का?" त्यानं विचारलं.

"पाच लिहावे लागतील."

"मंग ते खोटं नाही का होत?"

मी हसले. "अहो, सगळ्यांच्याच तारखा अंदाजे असतात."

"माह्या पोरीची अंदाजे नाही ना, बाई. चारच हायेत," तो म्हणाला. भांडून नाही, समजावून सांगावं तसा. मग थोडा वेळ माझ्याकडं, थोडा वेळ रोपांकडं बघितलं. "जाऊ द्या. तुमाले कायद्याचं समजते. तुमी म्हनता तं लिहा."

शाळेत येऊन मी पेटी उघडली. महिना खरा लिहिला, साल एकनं मागे नेलं. अंकी लिहिलं, अक्षरी लिहिलं. शेवटच्या रकान्यात नेहमीचे शब्द घातले: 'पालकांच्या सांगण्यावरून'. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. गुरुजींनी येऊन बघितलं आणि "भाऊरावची धाकटी का?" एवढंच विचारून चष्मा पुसत बसले.

सप्टेंबरअखेर पट भरला. मी तिथंच राहिले. पुढं सहा वर्षं राहिले.

चार वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवलं की काय होतं, ते मला रोज समोर दिसायचं. दुपारच्या सुट्टीनंतर रोशनी भिंतीला टेकून झोपून जाई. तिच्या मुठीत पेन्सिल मावायची नाही. इतर मुलांना पाढे येत तेव्हा ती बोटं मोजत असे आणि चुकली की माझ्याकडं बघून हसे, कारण आपण चुकतो म्हणजे काय हेच तिला कळत नव्हतं. मी तिला जास्तीचा वेळ देई. तिच्या बोटांना धरून गिरवून घेई. गावात म्हणत, बाईंचा भाऊरावच्या पोरीवर फार जीव. जीव होताच. पण त्यात दुसरंही काही होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

मजेची गोष्ट म्हणजे ती मागे पडली नाही. तिसरीत तिनं सगळ्यांना गाठलं. शाळा सुटल्यावर घरी जाऊन थोरल्या बहिणीला समोर बसवायची आणि माझ्यासारखी पदर खोचून शिकवायची. "मोठी झाल्यावर काय होणार?" असं विचारलं की "बाई" म्हणायची. सगळ्याच मुली म्हणतात. ती म्हणत राहिली.

चौथी झाली. पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं म्हणून भाऊराव दाखला न्यायला आला. धुतलेला सदरा घालून आला होता. त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला. त्यावर खरी तारीख होती, खऱ्या सालासकट.

"बाई, तवा तं नाव घालाची घाई होती. आता ह्ये करून टाकता का बरोबर? माह्या मनाले लागून राहते."

तेव्हा ते होण्यासारखं होतं. मूल शाळेत आहे तोवर पुराव्यावरून नोंद दुरुस्त करता येते, माध्यमिक शाळांच्या संहितेत तसं कलमच आहे आणि आमच्याकडंही तीच रीत होती. फक्त वर कळवावं लागलं असतं. आणि वर कळवलं की कुणीतरी विचारलं असतं, बाई, म्हणजे पहिलीत घेतली तेव्हा ही मुलगी चारच वर्षांची होती का? मग त्या वर्षीचा पट? मग तुमची जागा?

"पुढच्या शाळेत करून घ्या," मी म्हणाले. "तिथं मोठं ऑफिस असतं. लवकर होतं."

त्यानं कागद पुन्हा पिशवीत घातला, पिशवीला रबर लावलं. पुढच्या शाळेनं त्याला सांगितलं की मूळ नोंद प्राथमिक शाळेची, तिथून दुरुस्त करून आणा. मधल्या काळात माझी बदली झाली, रीतसर, हवी तिथं. तो पुन्हा त्या शाळेत गेला की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

हल्ली संध्याकाळी मी सक्करदऱ्याच्या तलावाकडं फिरायला जाते. तिथं आज्या नातवंडांना घेऊन येतात. मला वाईट खोड लागली आहे, मुलं दिसली की मी त्यांची वयं ताडते. हा साडेचारचा, ही पाच पूर्ण, हा नुसता उंच आहे पण चारच्या वर नाही. आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. मुलाकडं नीट बघितलं की त्याचं वय कळतं. रोशनीचंही मला कळलं होतं. तिच्या बापानं सांगायच्याही आधी.

मागच्या जूनमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, केसांत थोडं पांढरं, उन्हानं लाल झालेली. वाकून पाया पडली आणि हसली तेव्हा ओळखलं.

"रोशनी!"

"ओळखलं ना बाई? मले वाटलं नाही ओळखणार."

पाणी दिलं, पन्हं दिलं. ती कुलरसमोर बसून बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. बारावीनंतर तिनं डी.एड. केलं. तेव्हा गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली होती. ती बाहेर पडेपर्यंत भरती बंद झाली. मग शिक्षक व्हायला पात्रता परीक्षा सक्तीची झाली, तीही ती पास झाली. मग आणखी एक चाचणी आली, मग सगळं पोर्टलवर गेलं. मधली कितीतरी वर्षं ती काटोलच्या एका खासगी शाळेत शिकवत होती. लग्न झालं, एक मुलगी झाली, पुस्तकं सोडली नाहीत. आता कुठं जाहिरात निघाली होती आणि चाचणीत तिला चांगले गुण होते. फॉर्म भरायला बसली, जन्मतारीख टाकली आणि फॉर्म पुढं सरकेना.

"पाच महिन्यांनी जाऊन राहिलं, बाई. वयाच्या अटीत पाच महिने जास्त. खरं वय धरलं तं सात महिने बाकी हायेत अजून."

तिनं फाइल उघडली. तोच ग्रामपंचायतीचा कागद, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. शिक्षण खात्याच्या ऑफिसात ती तीनदा जाऊन आली होती. शाळा सोडल्यावर, दहावीचं प्रमाणपत्र निघाल्यावर जन्मतारीख बदलता येत नाही असं त्यांनी सांगितलं. मात्र एका साहेबांनी एवढं म्हटलं होतं की शाळेकडूनच नोंद चुकली असेल आणि ज्यांनी ती केली त्यांनी तसं लिहून दिलं, तर प्रकरण वर पाठवता येईल.

"नोंद तुमच्या अक्षरातली हाये. मी रजिस्टर पाहून आली. तुम्ही लिहून द्यान का, बाई? काय झालं होतं ते?"

मी म्हणाले, "इतक्या वर्षांपूर्वीचं..."

"तुम्हाले आठवत नसन, माहीत हाये मले," ती घाईनं म्हणाली. जणू मला संकटात टाकल्याचं तिलाच वाईट वाटत होतं. "बाबानंच पाच सांगितले असतीन. त्याइले तरी कुठं समजत होतं. ते म्हणतात, म्या चार सांगितले होते. आता म्हातारे झाले, काहीबी बोलतात. आजारी बी राहतात."

इथं मी बोलायला हवं होतं. आजही रोज तो क्षण येतो आणि रोज मी त्यात बोलते. तेव्हा मी उठून पेन आणलं.

मी काय लिहिलं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. 'सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी पालकांच्या सांगण्यावरून नोंदवण्यात आली होती.' त्याखाली माझी सही, हुद्दा, सेवानिवृत्त. सुबक अक्षर. रजिस्टरात जे होतं तेच लिहिलं, त्यात नवीन काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. पेन्शनवर बालंट येईल अशी भीती होती का? थोडी होती. पण खरं कारण ते नव्हतं. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती मला सोडवेना. पन्ह्याचा रिकामा ग्लास हातात धरून बसलेली ती मुलगी मला अजून 'आमच्या बाई' समजत होती आणि मला ते हवं होतं. मी स्वार्थी बाई आहे. पहिल्यांदा जागेसाठी, दुसऱ्यांदा चांगलं दिसण्यासाठी.

तिनं कागद वाचला. तिचा चेहरा जरासा पडला, पण ती म्हणाली, "म्हणजे बाबानंच." मग पुन्हा पाया पडून चारची गाडी पकडायला गेली.

पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. ऑफिसनं सांगितलं होतं की नोंद जर पालकांच्याच सांगण्यावरून झाली, तर ती शाळेची चूक धरता येत नाही. अर्ज निकाली काढला. 'तुम्ही मदत केली बाई, आभारी आहे,' असं तिनं खाली लिहिलं होतं आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी खरं लिहिलं असतं तर काम झालंच असतं असं नाही. वर पाठवलेले कागद वरच राहतात, हे मी नोकरीभर बघितलं आहे. पण एक दार किलकिलं होतं आणि ते मी माझ्या हातानं लावून घेतलं. ज्या एका वर्षावर माझी बाईपणाची जागा टिकली, त्याच वर्षानं तिला बाई होऊ दिलं नाही. हे मी इथं लिहिते आहे, कारण तोंडानं कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही.

पूनम गेली त्या दिवशी दुसरा चहाही मी तसाच ठेवला. फोन घेतला. रोशनीचा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला, तिसऱ्यांदा लावला. ती शाळेतून नुकतीच घरी आली होती. आवाज मोकळा होता, "बोला ना बाई, कशा हा?" असा.

मी म्हणाले, "रोशनी, मधे बोलू नकोस, मला सांगून होऊ दे." आणि सांगितलं. पट एकनं कमी होता ते. मला भिवापूरला जायचं नव्हतं ते. भर उन्हात तिच्या बापाकडं गेले ते. "त्यांनी मला चारच सांगितले होते. दोनदा सांगितले. हे खोटं नाही का होत, म्हणूनही विचारलं. पाच मी लिहिले. चौथीत ते दुरुस्त करायला कागद घेऊन आले होते, तेव्हाही मीच परत पाठवलं. आणि मागच्या वर्षी तुला लिहून दिलं ते खोटं आहे."

पलीकडं तिची मुलगी कुठंतरी "आई, डबा कुठी हाये?" असं विचारत होती, तिला कुणी उत्तर दिलं नाही.

"आता नव्यानं लिहून देते," मी म्हणाले. "सगळं. कुठंही येते, कुणाहीपुढं सांगते."

"आता काहून बाई," ती म्हणाली. "आता तं खरं वय धरलं तरी नाही बसत मी."

मला ते मोजायचं सुचलंच नव्हतं. सात महिने केव्हाच संपले होते.

"निदान भाऊरावांशी बोलू दे मला," मी म्हणाले. "त्यांना फोन दे. त्यांची मी..."

"बाबा जानेवारीत गेले."

ती रडत नव्हती. वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशा सरळ आवाजात बोलत होती.

"तुमचा कागद मी त्याइले वाचून दाखवला होता, बाई. ते म्हणे, म्या चारच सांगितले. मी म्हटलं, तुम्हाले आठवत नाही, बाई कायले खोटं लिहितीन? लय बोलली मी त्याइले. माह्यं आयुष्य वाया घातलं म्हटलं. मंग काही दिवस ते काहीच नाही बोलले. दवाखान्यात होते तवा माहा हात धरला अन् म्हणे, असन पोरी, माह्याच तोंडून पाच निघाले असन. माफी मागून गेले ते, बाई."